भांड्यावर नाव घालतो, मग फायलीत का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षं गोव्यात जिथे बघावं तिथे जुनं ते स्कॅन करायचं काम चाललंय, देवळाच्या कमिट्या, भजनी मंडळं, नाट्यमंडळं, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, वाचनालयं सगळेच लागलेत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे त्यात वाद नाही, कारण आपल्याकडच्या पावसात फोटोचा अल्बम किती टिकतो ते सगळ्यांना माहीत आहे, बुरशी लागली की फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की माणसांची तोंडंच निघून येतात. पण हे काम ज्या पद्धतीने चाललंय ते बघून राहवत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय. कापायचं तर खुशाल कापा, फक्त मधला तांत्रिक भाग कापू नका, मुद्दा तिथेच आहे.

मी फोंडा तालुक्यातला, डीटीपी आणि स्कॅनिंगची कामं करतो, त्यामुळे आसपासच्या गावांतले पेनड्राईव्ह माझ्याकडे येतातच. उघडला की काय दिसतं? आयएमजी शून्य शून्य अमुक, डीएससी तमुक, स्कॅन एक, स्कॅन दोन, आणि निम्म्याहून जास्त फायली व्हॉट्सॲपच्या, ज्यांच्या नावात तारीख असते पण ती फोटो काढल्याची नव्हे तर व्हॉट्सॲपवर आला गेला त्या दिवसाची. उत्सवातल्या नाटकाचा कृष्णधवल फोटो असतो, राजा उभा, शेजारी लुगडं नेसलेला स्त्रीपार्टी, मागे रंगवलेला पडदा, आणि कोण कोण आहेत, कुठलं नाटक, कुठल्या साली, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर सांगतात, "अरे एक्सेल शीट आहे ना, सगळी नावं लिहिलीत." ती शीट कुठे? ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, आणि तो गेला दुबईला. शिवाय शीटमध्ये "फोटो ३७" असं लिहिलेलं असतं आणि मधे कोणीतरी फायलींची नावं बदललेली असतात, म्हणजे शीट मिळूनही उपयोग शून्य.

आपल्याकडे देवळात समाराधनेला किंवा लग्नाला भांडी द्यायची असली की बुडाखाली नाव घातलेलं असतं, ठोकून ठोकून कोरलेलं. चिठ्ठी कोणी चिकटवत नाही, पहिल्याच धुण्यात निघून जाईल म्हणून. फायलीचं नाव, फोल्डरचं नाव आणि एक्सेल शीट या तिन्ही चिठ्ठ्याच आहेत. कोरायची सोय फायलीच्या आत आहे, ती कित्येक वर्षांपासून आहे, फुकट आहे, आणि आपण ती वापरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता ही सोय काय ते सांगतो. जेपेग फोटो म्हणजे नुसतं चित्र नसतं, चित्राच्या आधी फायलीत काही कप्पे असतात आणि त्यात चित्राबद्दलची माहिती बसते, तिलाच मेटाडेटा म्हणतात. कॅमेरा किंवा मोबाईल जे आपोआप भरतो ते एक्झिफ, जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली ठरवलेलं. कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल, शटर किती, लेन्स किती, तारीख वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश रेखांश. जेपेगमधला असा एक कप्पा जास्तीत जास्त ६४ केबीचा असतो, म्हणजे तुम्ही अख्ख्या गावाची वंशावळ लिहायला बसला नाहीत तर जागा मुबलक आहे.

जुन्या फोटोंच्या बाबतीत इथेच पहिला घोळ होतो. १९७४ सालचा फोटो २०२३ मध्ये स्कॅन केला तर स्कॅनर किंवा मोबाईल २०२३ ची तारीख टाकतो आणि मग गॅलरीत तो फोटो परवाच्या वाढदिवसाच्या केकशेजारी जाऊन बसतो. खरं म्हणजे एक्झिफमध्ये तारखेचे रकाने वेगवेगळे आहेत, मूळ प्रसंग कधीचा तो एक, डिजिटल कधी केला तो दुसरा, आणि फायलीत शेवटचा बदल कधी झाला तो तिसरा. करणाऱ्यांनी विचार केलेला आहे, आपणच वापरत नाही. पण एक अडचण खरी आहे, एक्झिफला तारीख पूर्ण लागते, वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद, आणि आपल्याला तर "त्या वर्षी पाऊस लवकर लागला होता" एवढंच आठवत असतं. मग लोक १ जानेवारी टाकून मोकळे होतात, पुढच्या पिढीला वाटेल गावात सगळी नाटकं नववर्षालाच व्हायची! नुसतं वर्ष लिहायची सोय एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत आहे (ती काय ते पुढे सांगतो), तिथे "१९७४" एवढंच लिहिलं तरी चालतं. खोटी तारीख कृपा करून घालू नका, कोऱ्या रकान्यापेक्षा ती वाईट, कारण कोरा रकाना दिसला तर माणूस निदान कोणाला तरी विचारतो.

एक्सएमपी म्हणजे ॲडोबी कंपनीने २००१ साली आणलेली पद्धत, पुढे २०१२ मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं प्रमाणही झाली. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, दोन कारणांनी. एक म्हणजे जेपेग, टिफ, पीएनजी, पीडीएफ, कितीतरी प्रकारच्या फायलींत ती तशीच्या तशी बसते. आणि दुसरं म्हणजे ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत आहे, देवनागरी बिनधास्त लिहा. एक्झिफच्या वर्णनाच्या आणि फोटोग्राफरच्या रकान्यात नियमाप्रमाणे फक्त रोमन अक्षरंच चालत होती, २०२३ साली ३.० आवृत्ती आली तेव्हा कुठे तिथे युनिकोडला अधिकृत दार उघडलं, आणि जुन्या सॉफ्टवेअरला ते अजून माहीत नाही. म्हणून तिथे मराठी टाकलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळी प्रश्नचिन्हं दिसली तर दोष तुमच्या फॉन्टचा नाही, रकाना चुकला.

संपादक महोदय, तिसरा प्रकार तर तुमच्याच धंद्यातला आहे. आयपीटीसी ही वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रांची १९६५ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संघटना, फोटोसोबत मथळा, फोटोखालची ओळ, फोटोग्राफरचं नाव, गाव, तारीख हे सगळं जावं म्हणून त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रकाने ठरवले आणि फोटोशॉपने ते उचलले. तुमच्या फोटोग्राफरना हे माहीत असणारच. पण त्या जुन्या पद्धतीत रकान्यांची लांबी ठरलेली, फोटोग्राफरच्या नावाला ३२ बाईट, गावाला ३२ बाईट. इंग्रजीत ते पुरतात, एका अक्षराला एक बाईट. देवनागरीला युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक अक्षराला ३ बाईट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे ३२ बाईटमध्ये जेमतेम १० चिन्हं. नुसत्या "शांताराम"लाच २४ बाईट गेले, आडनाव कुठे घालणार! म्हणून आता आयपीटीसीचेच रकाने एक्सएमपीच्या रूपात भरायचे, तिथे ही लांबीची कटकट नाही.

गाण्यांचं तर याहून गमतीदार आहे, आणि आपल्या गोव्यात गाण्याच्या कॅसेटी फोटोंपेक्षा कमी नाहीत. भजनाच्या, आरतीच्या, नाट्यगीतांच्या, कोणाच्या तरी घरी झालेल्या बैठकीच्या. एमपीथ्री फाईल मूळ आली तेव्हा तिच्यात गायकाचं नाव लिहायला जागाच नव्हती, १९९६ मध्ये एकाने फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाईटचा तुकडा जोडायची युक्ती काढली, त्याला आयडी-थ्री म्हणतात. गाण्याचं नाव ३० बाईट, गायक ३० बाईट, अल्बम ३० बाईट, वर्षाला ४, शेरा ३०, प्रकाराला १, आणि सुरुवातीला ओळख पटायला ३ अक्षरं. हिशेब बरोबर १२८. आता "मडगावची दिंडी" एवढंच लिहायचं म्हटलं तरी यूटीएफ-८ मध्ये ३७ बाईट होतात, म्हणजे कार्तिकातली दिंडी अर्ध्या वाटेवरच अडकली, आणि मुळात त्या तुकड्यात देवनागरी धरलेलीच नाही. १९९८ पासून दुसरी आवृत्ती आली, ती फायलीच्या सुरुवातीला बसते, युनिकोड घेते, लांबीचा त्रास नाही, आणि तिच्यात संगीतकार, गीतकार, गाण्याचे शब्द, कव्हरचा फोटो, साथीदारांची नावं इथपर्यंत जागा आहेत. साथीदारांचं मुद्दाम सांगतोय. गायकाचं नाव कसंही करून राहतं हो, पण पखवाजावर कोण होता, हार्मोनियम कोणाची, झांज कोण वाजवत होता हे कोणी लिहीत नाही आणि आमच्या भजनी मंडळांत अर्धी बहार त्यांचीच असते.

फाईलच्या आत नाव घालायची ही कल्पना काही कॉम्प्युटरवाल्यांची नाही बरं का. १९०२ साली कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीने आपल्याकडची पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा गौहर जान गाणं संपता संपता इंग्रजीत मोठ्याने आपलं नाव सांगायची, "माय नेम इज गौहर जान". रेकॉर्ड छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला, तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कोणाचं लेबल लावायचं ते कळावं म्हणून ही सोय. लेबल कधीचं फाटलं असेल, पण नाव आवाजाच्या आतच आहे, आजही ऐकू येतं. मी तर आता कॅसेट डिजिटल करताना सुरुवातीला पाच सात सेकंद स्वतः बोलून टाकतो, गाव, मंडळ, साल, मुख्य गायक, कॅसेट कोणाकडची. कुठलं सॉफ्टवेअर काय पुसेल त्याचा नेम नाही, आवाज काही पुसत नाही. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात, मुरडू दे, त्यांच्यासाठी मी दुसरी स्वच्छ प्रत ठेवतो.

कॅसेटची मूळ प्रत कृपया एमपीथ्रीत ठेवू नका, वेव्ह किंवा फ्लॅक या आवाज न कापता साठवणाऱ्या प्रकारांत ठेवा, आणि त्यातही फ्लॅक मला सोयीची वाटते. वेव्ह फाईल १९९१ ची, तिच्यात माहितीचे तुकडे बसतात पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचेलच असं नाही. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९९७ मध्ये रेडिओ टीव्हीसाठी त्याच वेव्हला वेगळा कप्पा जोडला, वर्णनाला २५६ अक्षरं, तीही रोमनच धरलेली. फ्लॅकमध्ये मात्र "रकाना = मजकूर" असं साधं सरळ लिहायचं असतं, युनिकोडमध्ये, रकान्याचं नावसुद्धा तुम्हीच ठरवा. फक्त डाव्या बाजूचं ते रकान्याचं नाव रोमन अक्षरांत लागतं, उजवीकडे काय हवं ते मराठीत लिहा.

चित्रांमध्ये टिफ हा जुना आणि भरवशाचा, १९८६ पासूनचा, स्कॅनची मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी आणि वाटायला जेपेग करावी. पीएनजीतही मजकुराचे कप्पे आहेत, त्यातला एक फक्त रोमन घेतो आणि दुसरा युनिकोड घेतो, पण विंडोजमध्ये फायलीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडलं तर जेपेगला जसं लिहू देतं तसं पीएनजीला बहुतेक रकान्यांत लिहूच देत नाही. बीएमपी आणि साधी टेक्स्ट फाईल यांच्यात असा काही कप्पाच नाही, तिथे शेजारी दुसरी फाईल ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. मोठ्या कॅमेऱ्यांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फायलींच्या बाबतीतही सॉफ्टवेअर तसंच करतं, मूळ फायलीला हात न लावता बाजूला छोटी एक्सएमपी फाईल ठेवतं, आणि कॉपी करताना लोक तीच नेमकी विसरतात कारण ती दोन चार केबीची असते आणि दिसायला कचऱ्यासारखी.

आता डॉक्युमेंटकडे येतो, इथे तर आनंदच आहे. वर्डची नवीन पद्धतीची फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते, फायलीच्या नावातलं शेवटचं डॉक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा, आत एका फोल्डरमध्ये छोटी फाईल सापडेल ज्यात शीर्षक, लेखक, शेवटचा बदल कोणी केला, कधी केला हे सगळं लिहिलेलं असतं. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत माझ्याकडे संहिता टाईप करायला, प्रिंट काढायला येतात, त्यातल्या किती नाटकांचा लेखक फायलीत "ॲडमिन" आहे विचारू नका. गोव्यातला सगळ्यात प्रसवशील नाटककार तोच म्हणायचा. त्याच्या खालोखाल "यूजर". पीडीएफ केली की तेच नाव तिथे जातं, आणि शीर्षकाच्या जागी "मायक्रोसॉफ्ट वर्ड, डॉक्युमेंट वन" असं काहीतरी, आणि ब्राउझरच्या टॅबवर नेमकं तेच झळकतं. एका सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मला आली, पीडीएफ उघडली तर वर शीर्षक दुसऱ्याच सोसायटीच्या वादाचं, कारण जुन्या फायलीवर नवीन टाईप केलेलं. वाचणाऱ्याला हसू येतं, पण उद्या हजार पीडीएफमधून शोधायचं झालं की रडू येतं, शोधणारं यंत्र हे शीर्षकसुद्धा वाचतं.

पीडीएफमध्ये माहितीची जागा दोन ठिकाणी आहे, एक जुना छोटा तक्ता, शीर्षक, लेखक, विषय, शोधशब्द वगैरे, आणि २००१ पासून त्याच्या जोडीला एक्सएमपी. २०१७ च्या पीडीएफ २.० मध्ये तर तो जुना तक्ता जवळजवळ निवृत्तच केला. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असलं की कुठलं सॉफ्टवेअर कुठलं दाखवेल सांगता येत नाही, म्हणून भरायचं तर दोन्हीकडे एकच भरा. जपून ठेवायच्या पीडीएफसाठी पीडीएफ-ए म्हणून वेगळं प्रमाण २००५ पासून आहे, त्यात एक्सएमपी असावंच लागतं आणि फॉन्टही फायलीतच घालावा लागतो, हे मराठीसाठी किती महत्त्वाचं आहे ते जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका आज ज्यांनी उघडून बघितल्यात त्यांना विचारा. वाचनालयं आणि संस्था जुनी मराठी, पोर्तुगीज पत्रं, मासिकं स्कॅन करतायत त्यांनी निदान एवढं तरी करावं. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीची मुळं १८३२ पर्यंत जातात, पोर्तुगीज काळातली केवढी कागदपत्रं आपल्याकडे आहेत, स्कॅनची पानं शेवटी "स्कॅन ०००१" म्हणून राहिली तर वाळवीने खाल्ली काय आणि पेनड्राईव्हने खाल्ली काय, सारखंच.

शोधशब्दांवरून गोव्यातली एक खास अडचण. फोंडा मराठीत फोंडा पण रोमी, म्हणजे रोमन लिपीतलं, स्पेलिंग "पोंडा" होतं, म्हापसा "मापुसा", साखळी "सांकेली", डिचोली "बिचोली", पणजीची तर तीन चार रूपं आहेत आणि पोर्तुगीज कागदात अजून वेगळी. आडनावांचंही तेच, एकाच घरातले दोन भाऊ दोन स्पेलिंगं लिहितात. म्हणून वर्णन मराठीत लिहा, पण शोधशब्दांच्या रकान्यात गावाचं, माणसाचं नाव देवनागरी आणि रोमी दोन्ही घाला, पोर्तुगीज स्पेलिंग माहीत असेल तर तेही. तो रकाना त्यासाठीच आहे, कितीही शब्द घ्यायला तयार असतो. लिस्बनला किंवा लंडनला बसलेला नातू आपल्या आजोबाला रोमीतच शोधणार आहे.

अक्षांश रेखांशाचा चांगला उपयोग सांगायचा तर कुर्डी घ्या. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलेलं, पण दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि गावची माणसं तिथे जमतात. तेव्हा मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून प्रत्येक जोत्याचा फोटो काढला आणि वर्णनात "हे अमक्याचं घर, ही तमक्याची विहीर" असं फायलीतच लिहिलं, तर जून लागून सगळं परत पाण्याखाली गेलं तरी नकाशावर गाव जसंच्या तसं मांडता येईल. ओळखून सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, हे काम पुढच्याच मे महिन्यात करण्यासारखं आहे.

पण तेच लोकेशन घरच्या फोटोत नको. मुलांचे, घरातल्या दागिन्यांचे, नवीन गाडीचे फोटो मूळ फाईल म्हणून कुणाला दिले तर घराचा पत्ता बरोबर जातो. जॉन मॅकॅफी, तो अँटीव्हायरसवाला, २०१२ साली पोलिसांना चुकवून फिरत होता, एका मासिकाच्या लोकांनी त्याच्यासोबतचा आयफोनवर काढलेला फोटो वेबसाईटवर टाकला, त्यात अक्षांश रेखांश तसेच राहिले आणि तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. म्हणून देण्याआधी काय ठेवायचं काय काढायचं हे ठरवा, सगळं पुसून टाकणं हा उपाय नव्हे, लोकेशन तेवढं काढता येतं.

आणि आत लिहिलंय म्हणजे तो पुरावा असंही समजू नका. कोणीही बदलू शकतं, कुलूप नसतं. २०२१ पासून काही मोठ्या कंपन्या मिळून सही शिक्क्यासारखी माहिती फायलीत घालायची पद्धत आणतायत, सीटूपीए नावाची, पण आमच्या मंडळाच्या अल्बमला तिची गरज नाही. आम्हाला गरज आहे ती कोणी सांगितलं ते लिहिण्याची. वर्णनातच लिहा, "डावीकडून दुसरा बहुतेक अमुक, सांगणार तमुक." बहुतेक असेल तर बहुतेक लिहा.

माहिती कुठे हरवते तेही सांगतो. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की आकार लहान होतो आणि आतली माहिती जवळजवळ सगळी जाते, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पोचते. स्क्रीनशॉट काढला की ते नवीनच चित्र, जुन्याचं काही येत नाही. गुगल फोटोजमध्ये फोटोखाली आपण जे वर्णन लिहितो ते फायलीत जात नाही, त्यांच्याकडच्या नोंदीत राहतं, सगळे फोटो एकदम बाहेर काढले की ते शेजारच्या वेगळ्या छोट्या फायलीत येतं, आणि लोकांना वाटतं आपण लिहून ठेवलंय. मॅकवर फाईंडरमध्ये लिहिलेला शेरासुद्धा फायलीबाहेरच असतो, फाईल दुसऱ्याला दिली की तो मागेच राहतो. म्हणजे लिहायला जागा दिसली म्हणून लिहू नये, लिहिलेलं आत गेलं का ते बघावं. सोपी परीक्षा, फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या आणि तिथे उघडून बघा.

हे सगळं करायला पैसे लागत नाहीत. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर फिल हार्वे नावाच्या गृहस्थाने २००३ पासून फुकट दिलंय, वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या प्रकारांतली माहिती ते वाचतं, बऱ्याच प्रकारांत लिहितंही, आणि लिहिण्याआधी मूळ फायलीची प्रत आपोआप बाजूला ठेवतं. ते कमांड टाईप करून चालवावं लागतं, त्यामुळे मंडळातले ज्येष्ठ बिचकतात, त्यांच्यासाठी डिजिकॅम आहे, तेही फुकट, त्यात फोटो बघत बघत रकाने भरता येतात, फक्त सेटिंगमध्ये माहिती फायलीत लिहायची असं सांगून ठेवा, नाहीतर तेही आपल्याच वहीत लिहून ठेवतं. गाण्यांसाठी एमपीथ्रीटॅग. आणि ती एक्सेल शीट ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती फेकू नये, त्या शीटवरूनच एक्झिफटूल एका दमात शेकडो फायलींत नावं भरू शकतं, पहिल्या रकान्यात फायलीचं नाव बरोबर असलं म्हणजे झालं.

शेवटी तुमच्याकडे दोन मागण्या. वाचकांचे, फोटोग्राफरचे फोटो वेबसाईटवर चढवताना ते लहान करणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी आतली सगळी माहिती उडवते, दोन चार केबी वाचवायला, तर निदान फोटोग्राफरचं नाव, ओळ आणि तारीख तेवढी राहू द्यायला तुमच्या तांत्रिक माणसांना सांगा, उद्या हा फोटो कुठेही फिरला तरी कोणाचा ते कळेल. आणि चवथ, शिगमो, जात्रांच्या वेळी "तुमचे फोटो या नंबरवर व्हॉट्सॲप करा" अशी चौकट तुम्ही छापता, त्या चौकटीत या वर्षीपासून एक ओळ वाढवा, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा". जागा पाव सेंटीमीटर लागेल.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा